दुर्गाबाईंच्या उसन्या गोळ्या

आमच्या गल्लीत काळीज फक्त दुर्गाबाईंना आहे, हे डॉक्टरांनी छातीला नळी लावून सिद्ध केलं. बाकीच्यांना ते आहे की नाही, हे पाहायची कुणाला गरज वाटली नव्हती. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायला एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली, आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत हृदयरोगाची साथ सुरू झाली.

दोष दुर्गाबाईंच्या स्वभावाचा. विरजण, हिंग, पाहुण्यांसाठी सतरंजी, मागेल त्याला मागेल ते. पहिली गोळी नेली वकिलीणबाईंनी, म्हणजे पुष्पाबाईंनी. व्याही यायचे होते म्हणून त्यांच्या छातीत धडधडत होतं. मग ही धडधड घरोघर पसरली. कुणाला स्वप्न वाईट पडलं, कुणाच्या सुनेनं उलट उत्तर दिलं. सगळ्यांना एकच औषध.

दुर्गाबाईंचे यजमान नरहरराव. निजामाच्या राज्यात त्यांची उमर करोडगिरीच्या नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाठोड्यात हात घालून जकात वसूल करण्यात गेली. ते एकदा म्हणाले, "अगं, औषध आहे ते. पापड न्हाई वाटायला."

"दारात आलेल्याला न्हाई म्हणू? तुम्ही जन्मभर म्हणत आलात, तेवढं बस झालं या घराला."

मग छप्पन साली राज्य बदललं. आम्ही हैदराबादचे होतो, ते झोपेतून उठून मुंबईचे झालो. पुढच्याच वर्षी सरकारजवळचं परदेशी चलन आटलं आणि बाहेरचा माल यायचा थांबला. दुर्गाबाईंची गोळीही विलायतीच. नरहरराव कुंडलिका नदी ओलांडून सदर बाजारात बद्रीनाथच्या औषधाच्या दुकानी गेले.

"माल न्हाई काका," बद्रीनाथ म्हणाला. "हैदराबादवाले म्हणून राह्यले, तुम्ही आता मुंबईचे. मुंबईवाले म्हणून राह्यले, तुम्ही कोण?"

"मंग पेशंटनं काय करायचं?"

"धीर धरायचा. न्हाईतर ताकदीचं टॉनिक न्या. आत्ताच आलंय. गोड लागतं बिलकुल."

गोळ्यांच्या बाटलीचा तळ दिसू लागला तशा दुर्गाबाई गोळी एक दिवसाआड घेऊ लागल्या, आणि कुणाला सांगितलं नाही. पण पाय सुजले. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून वळकटीला टेकून बसायच्या. डॉक्टरांनी गोळ्यांसाठी मुंबईला पत्र टाकलं आणि बजावलं, "तोवर एकही गोळी चुकवू नका." सल्ल्याच्या आयातीवर बंदी नव्हती.

त्या दिवसांत त्यांच्याजवळ बसायला यायची ती भिंतीपलीकडची रहिमुन्निसा. गोधड्या शिवायची. बाटली रिकामी बघून ती उठली, घरी जाऊन आली आणि चिंधीची गाठ सोडून एक गोळी पुढे ठेवली.

"भाभी, तुम दिये सो. मैं खाईच नै. इत्ती कीमती चीज, खाली धडधड के वास्ते कौन खाता?"

नरहररावांचे डोळे चमकले. गल्लीला ते ओळखून होते. फुकट मिळालेली विलायती वस्तू गिळून टाकील, असं एकही घर नव्हतं. (डॉक्टर पुढे म्हणाले, खाल्ल्या असत्या तर निम्मी गल्ली रिकामी झाली असती.) "आत्ताच्या आत्ता घरोघर जातो," म्हणत त्यांनी टोपी घातली.

"दिलेलं... परत मागाल..." दुर्गाबाईंना वाक्य एका दमात पुरं करवेना, "तर गोळीला... हात लावणार न्हाई मी."

ती बाई बोलली तसं करणारी होती. नरहरराव अंगणात येऊन उभे राहिले. रहिमुन्निसा पाठोपाठ आली.

"वापस नक्को मांगो भाईजान. उधार मांगो."

"कशासाठी म्हणून?"

"गल्लीवाले मांगते वख्त जो बोल्ते थे, वोच बोलो."

आणि ज्या माणसाला काळीज असल्याची तक्रार नाक्यावरच्या एकाही गाडीवानानं कधी केली नव्हती, ते नरहरराव छातीला हात लावून दारोदार उभे राहिले. "जरा धडधडून राह्यलंय." लोकांनी मोठ्या मनानं दिल्या. कुठं तांदळाच्या डब्यातून निघाली, कुठं नथीच्या डबीतून. "पाण्यासंगं घ्या बरं का," हा दुर्गाबाईंचाच उपदेश प्रत्येक घरी मिळाला.

पुष्पाबाई म्हणाल्या, "आमच्या तर केव्हाच संपल्या हो."

आतून वकीलसाहेब ओरडले, "अगं, देवघरात लंगड्या बाळकृष्णामागं आहेत ना!"

"त्या होय," म्हणत त्यांनी त्या आणून दिल्या. "असू द्या. परत करायची काही घाई न्हाई."

घरी नरहररावांनी सांगितलं, बद्रीनाथकडे माल आला. दुर्गाबाई रोजची गोळी घेऊ लागल्या. सूज उतरू लागली. रात्री पाठ टेकवता येऊ लागली.

आणि मग पुष्पाबाई मऊ भात घेऊन विचारपूस करायला आल्या. नरहररावांची.

"काय पांढरेफटक पडले होते हो दारात! आम्ही म्हटलं, हे तर तुमच्याही आधी..." इतकं सांगून, धीर देऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहररावांनी गोळी हातावर ठेवली, तर दुर्गाबाईंनी मूठ मिटली.

"ही तुम्ही घ्या."

"मला काय धाड भरली?"

"लपवू नका. सगळ्या गल्लीला ठाऊक, मला सोडून. मी आजपासून घेणार न्हाई. आहेत त्या सगळ्या तुम्हाला."

नरहररावांनी देवाची शपथ घेतली, नाडी पुढे केली, अंगणात दोन उड्यासुद्धा मारून दाखवल्या. मूठ उघडेना. पुन्हा गोळ्यांचा उपास सुरू झाला तर काय होईल, ते त्यांनी नुकतंच पाहिलेलं. शेवटी खरं सांगितलं. खोट्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागला, सवय नव्हती ना.

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "मागितल्या तुम्ही?"

"उसन्या घेतल्या. तुझ्या गळ्याची आण."

त्यांच्या मुठीत गोळी ओली झाली.

"मंग फेडाव्या लागतील."

"फेडीन की मी."

"तुम्ही कशाला? गेल्या माझ्या पोटात. फेडायला मीच राह्यले पाह्यजे," त्या म्हणाल्या, आणि पाण्याच्या तांब्यासाठी हात पुढे केला.