फडक्यातला डबा

"कुणाचा हाय ह्यो डबाऽऽ? पोरगं उपाशी ऱ्हाईल की!"

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर तो फेटेवाला असा ओरडला, की तिकडं पन्हाळ्याचे बुरूज दचकले. शहरात शिकणाऱ्या पोरांना गावाकडून एसटीनं डबे येतात. नेसरीच्या गाडीतला एक डबा कुणीच नेला नव्हता. त्याचं लाल फडकं सोडून हा गडी निशाणासारखं फडकवत होता.

झुणक्याच्या वासानं मी अर्धमेला झालेला. त्यात इंग्रजीचा मास्तर!

"पावणं, सापडलेल्या बेवारस वस्तूला जुन्या इंग्रजी कायद्यात 'वेफ' म्हणत. वाऱ्यावर फडफडतं ते, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मालक आला नाही, तर ती जहागीरदाराची!"

"हितला जहागीरदार कोण?"

मी लाजून मान खाली घातली.

त्यानं डबा काखेत घट्ट धरला. त्याची हातकणंगल्याची गाडी लागली, भरली, निघूनही गेली. फडकं काही खाली आलं नाही. शेवटी एक कॉलेजची पोरगी धापा टाकत आली. "आईच्या लुगड्याचं हाय!" म्हणत तिनं फडकं छातीशी धरलं.

"पावणं, तुमची गाडी गेली की!" मी म्हणालो.

"दुसरी हाय."