लग्नाच्या कॅसेटमधलं व्हेनिस

व्हेनिसला जायची स्वप्नं लोक बघतात. आम्ही नव्वदच्या दशकात एका दुपारी बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून स्कूटर काढली ती व्हेनिसच्या तावडीतून माझ्या वडिलांना सोडवायला.

झालं असं, की आमच्या लग्नाची कॅसेट उल्हासनगरात मिक्सिंगला दिली होती. लग्नात मधेमधे परदेशी देखावे घालायची तेव्हा टूमच होती. कॅसेट हातात आली ती बाबा गेल्यानंतर. आई टीव्हीसमोर बसली. बाबा बुद्धवंदनेला उभे राहिले आणि पडद्यावर जुन्या हॉलिवूडच्या प्रेमपटातलं जोडपं व्हेनिसच्या कालव्यातून होडीत निघालं, वर बदामात आम्ही दोघं. वंदना संपेपर्यंत होडी हटेना. आई उठून गेली. बाबांचं हलतं चित्र दुसरं कुठेच नव्हतं.

बदलापूर-अंबरनाथ रस्ता तेव्हा नुसता खड्ड्यांचा, चिखलोलीला दोन्हीकडे शेतं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेलात तर सिंध्यांचं दाल-पकवान जरूर खा. मला त्या दिवशी पाणीसुद्धा गोड लागलं नसतं. दुकानदार कौतुकानं सांगू लागला, पिक्चर खास इटलीत जाऊन काढलेला आहे, तुम्हाला फुकटात टाकला. मी शूटिंगची मूळ कॅसेट मागितली.

"मॅडम, वो तो दूसरी शादी में लगा दी. आज अंबरनाथ में चालू है."

माझं टाळकंच सडकलं. ह्यांनी कोरी कॅसेट विकत घेतली, हॉलचा पत्ता विचारला आणि आम्ही अंबरनाथकडे उलटे फिरलो. हॉलवर मंगलाष्टकं चालू होती, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. कॅमेरामनला सगळं सांगितलं.

तो पुटपुटला, "ताई, आत्ता थांबवलं तर पोरीकडचे मला जिता सोडणार नाय."

खरंच होतं. त्या पोरीचाही बाप समोर हात जोडून उभा होता. मी कॅमेऱ्याशेजारीच थांबले. प्रत्येक कडव्यासरशी माझं लग्न पुसलं जात होतं. अक्षता पडल्या तेव्हा कुठे त्यानं कॅसेट बदलली. ती घेऊन परत कॅम्प दोन गाठलं आणि कॅसेटच्या शेवटी उरलेला आमचा भाग वेगळ्या कॅसेटवर उतरवून घेतला.

तो व्हेनिसचा सिनेमा पुढे टीव्हीवर लागला. चांगला आहे म्हणतात. होडी दिसताच मी बंद केला, राग अजून गेलेला नाही.

त्या संध्याकाळी अंबरनाथला आईकडे शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला. वंदना गेली ती गेलीच. उरली होती जेवणाची पंगत. बाबा जिलेबी वाढत होते. कॅमेरा जवळ येताच हात आडवा धरून म्हणाले, "माझं काय काढतो? पोरीचं काढ." आणि बाजूला झाले.

आई पुढे वाकली. "अहो, थांबा ना जरा."