सही न केलेला कागद

साळवीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. फोनवर त्यांची मुलगी मुग्धा होती. "बाबा गेले, स्मिताताई," एवढंच ती आधी म्हणाली, मग कसे ते सांगितलं. पेपर वाचता वाचता खुर्चीतच मान कलली होती. डबा तसाच बंद करून मी बिशानला त्यांच्या घरी निघाले. याला आता सात आठवडे झाले. लिहायला इतका उशीर का झाला ते पुढे सांगतेच, पण आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी इथेच पान उलटावं. मधुकर साळवी बंदुका तपासायचे. ज्यांचं एकेक काडतूस तळहाताहून लांब असतं अशा मोठ्या कॅलिबरच्या रायफली आणि मशीनगन. त्यांचे सुटे भाग पास की नापास हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते घड्याळं तपासत नव्हते आणि शिलाई मशीनही तपासत नव्हते.

सिंगापूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात बँकवाले आणि आयटीवाले पैशाला पासरी, त्यात हा असा एकच माणूस. लोक त्यांची ओळख करून देताना "हे इंजिनीअरिंगमध्ये असतात" म्हणत, आणि काका लगेच दुरुस्ती करत, "बंदुकांमध्ये." समोरच्याचा चेहरा पडायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. मीही त्या चेहरा पडणाऱ्यांतलीच, उलट चार पावलं पुढे. मी इथे नवीन होते, मतं भरपूर होती आणि ती ऐकवायची खाज होती. मंडळाच्या गणपतीत पंगतीची पानं वाढता वाढता मी त्यांना तोंडावर विचारलं, "काका, तुम्ही पास केलेल्या वस्तूंनी माणसं मरतात. झोप लागते तुम्हाला?" काकांनी हातातलं कोशिंबिरीचं भांडं खाली ठेवलं. "मरतात," ते म्हणाले. "आणि झोप लागते. ज्या दिवशी न तपासता सही करीन, त्या दिवशी लागणार नाही." मला ते ठेवणीतलं उत्तर वाटलं. मी नाक मुरडलं आणि पुढच्या पानावर वरण वाढायला गेले. त्या मुरडलेल्या नाकाची लाज मला आजही वाटते.

तरी त्यांनी मला घरी बोलावलं, आणि मी गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांकडे मुलांचे पदवीचे फोटो असतात तिथे, एक फ्रेम होती. आत छापील तक्ता, कारखान्यातला तपासणीचा. वर लॉटचा क्रमांक, खाली बारीक अक्षरात भरलेली मापं, आणि उजव्या कोपऱ्यात सहीसाठी एक चौकट. ती रिकामी. "काका, सही राहिलीय की," मी म्हटलं. ते नुसते हसले. हकीकत मला शैलाकाकूंनी सांगितली, चहाचं आधण ठेवता ठेवता.

तेव्हा काका वुडलँड्समधल्या एका छोट्या कारखान्यात होते. तो केव्हाच बंद पडला. परदेशी कंपन्यांच्या बंदुकांसाठी तिथे बोल्ट बनायचे. बोल्ट म्हणजे काडतुसामागचं पोलादी दार. ते नीट बसलं की नाही हे बघायला काकांकडे अंगठ्याएवढे पोलादाचे दोन तुकडे असत, त्यांना गेज म्हणतात. पहिल्या गेजवर दार बंद व्हायलाच हवं, दुसऱ्यावर होता कामा नये. दुसऱ्यावरही झालं, तर मागे फट जास्त आहे, आणि कधीतरी ते काडतूस नेम धरणाऱ्याच्या तोंडापाशी फुटू शकतं. बोल्ट तेच, पण गिऱ्हाईक दोन प्रकारचं. काही लॉट सैन्यासाठी जायचे, काही दूरवरच्या निशाण्यावर हौसेने नेम धरणाऱ्या साध्या नागरिकांसाठी. अशा एका नागरिकांच्या लॉटमधले काही बोल्ट दुसऱ्या गेजवर बंद झाले. अगदी जेमतेम, पण झाले. काकांनी सगळा लॉट अडवला. मॅनेजर टेबलापाशी येऊन इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाला, "साल्वी, धिस वन सिव्हिलियन ओन्ली लाह. नॉट आर्मी. हू विल चेक?"

"आय चेक्ड," काका म्हणाले.

मॅनेजरने त्यांना दोन दिवस दिले. मुग्धा सहावीत होती, वर्षाअखेरीला तिची मोठी परीक्षा, इथे पुढची शाळा तिच्यावरच ठरते. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जाणार, पास गेला की देश सोडावा लागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "मी म्हटलं, करून टाका सही," काकूंनी मला अगदी सरळ सांगितलं. "कोण कुठले ते हौशी लोक, आपल्या पोरीचं वर्ष जातंय. तर हे काय म्हणाले माहितीये? म्हणे, रायफलीला गाल टेकून बसलेला माणूस शिपाई आहे की हौशी, हे रायफल विचारत नाही. जेवले, आपलं ताट घासलं आणि झोपले." तिसऱ्या दिवशी तो तक्ता तसाच बिनसहीचा ठेवून, त्याची एक झेरॉक्स घेऊन काका घरी आले. महिन्याभरात बिऱ्हाड पुण्याला, काकूंच्या भावाकडे. मुग्धाची परीक्षा बुडाली. दुसऱ्या कंपनीचं बोलावणं येऊन परत यायला तीन वर्षं लागली, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ काकू नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. "मग ही फ्रेम त्यांनी लावली?" मी विचारलं. काकूंनी गॅस बारीक केला. "त्यांनी नाही. मी करून आणली," त्या म्हणाल्या.

त्या लॉटचं पुढे काय झालं? दुसऱ्या कुणीतरी सही केली आणि तो गेला. कुठे अपघात झाल्याचं ऐकिवात नाही. मी हे एकदा काकांना बोलूनही दाखवलं, जरा खोचकपणेच. "काही झालं नाही म्हणजे माप बरोबर होतं असं नाही," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. शुक्रवारी संध्याकाळी "एवढं चालवून घे" म्हणणारी माणसं मला रोज भेटतात, आणि मी किती वेळा चालवून घेतलंय ते माझं मला ठाऊक. त्या दिवसापासून काकांच्या समोर बसताना मी जरा सावरून बसायला लागले.

मग माझा मुलगा निनाद अठरा वर्षांचा झाला आणि नॅशनल सर्व्हिसला, इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला गेला. माझ्या मतांना न विचारता त्याच्या हातात मशीनगन आली. पहिल्या सुट्टीला घरी आला तो खांदा चोळतच. "आई, द थिंग डॅम हेवी लाह." मी त्याला घेऊन तडक बिशानला गेले. का, ते मला सांगता आलं नसतं... काकांनी देशाबिशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. विचारलं, "हत्यार मध्येच अडलं तर काय करतोस?"

"सार्जंट शाउट्स, सो वी फास्ट फास्ट क्लिअर."

"आधी हात वर करून अडलंय हे कळवायचं, मग साफ करायचं. शिकवलंय तसंच, त्याच क्रमाने, सावकाश. सार्जंटला ओरडू दे. ओरडण्याने बोटं तुटत नाहीत." निनाद दोन वर्षं पुरी करून दहा बोटांनिशी घरी आला. यात काकांचा वाटा किती, मला माहीत नाही. पण त्या दोन वर्षांत, माझ्या पोराच्या हातातल्या त्या वस्तूवर अशाच एखाद्या हट्टी माणसाने सही केलेली असू दे, एवढंच मी देवाकडे मागत होते. बंदूक मला आजही आवडत नाही. बंदुकीशी खोटं न बोलणारा माणूस मात्र मला फार आवडायचा.

हे सगळं मी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिलं होतं. संपादकांचा फोन आला. "ताई, सुरेख झालंय. फक्त ते बंदुकांचं काढू या का? घरोघरी मुलं वाचतात." मी म्हटलं, "तीच मुलं अठराव्या वर्षी ती उचलतात." ते अवघडून हसले आणि चार दिवसांनी छापायच्या मजकुराचा कागद पाठवून दिला. त्यात काका 'प्रिसिजन इंजिनीअरिंग क्षेत्रातील एक जाणकार व्यक्तिमत्त्व' झाले होते. मॅनेजर गेला होता, गेज गेलं होतं, तीन वर्षं गेली होती. तळाशी 'मजकूर मान्य' असं छापून माझ्या सहीसाठी चौकट सोडली होती.

तो कागद घेऊन मी गेल्या रविवारी बिशानला गेले. काकांची खुर्ची खिडकीपाशी तशीच होती, हातावर पेपराची घडी टाकलेली. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. "छान आहे. पण हा कोण माणूस?" त्या म्हणाल्या. मी कागद परत घेतला आणि सांगितलं, की चौकट कोरी ठेवून उद्या परत पाठवते आणि माझा मूळ लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीला देते. काकू चष्मा काढून भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत राहिल्या... मग म्हणाल्या, "पाठवण्याआधी एक झेरॉक्स मला दे. शेजारी जागा आहे."