ऐच्छिक म्हणजे कुणाची इच्छा

"डॉक्टर, हे हवालदार मला माघारी धाडतायत."

फोनवर शमीमआपा होत्या. भाच्याच्या रिक्षाने कर्जतच्या दहिवलीहून निघाल्या होत्या आणि कुंभिवलीच्या अलीकडच्या नाक्यावर अडकल्या होत्या. लॉकडाऊनचे दिवस होते. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल तिथून पुढे, हायवेलगत. मी तिथली प्लास्टिक सर्जन. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"त्यांना हॉस्पिटलचं पत्र दाखवा ना."

"पत्रामुळंच तर धाडतायत."

मी हवालदारांना फोन द्यायला सांगितलं.

"मॅडम, यात लिहिलंय, आपली शस्त्रक्रिया ऐच्छिक स्वरूपाची असल्याने पुढे ढकलली आहे. आमाला ऑर्डर हाय, अत्यावश्यक असंल तरच सोडायचं. हे तर ऐच्छिक."

"पण आज मीच त्यांना बोलावलंय."

"आन् खाली सहीपण तुमचीच हाय."

सही माझीच होती. आपा परत गेल्या.

आपांचा उजवा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला होता. त्याच ऑपरेशनमध्ये मी छातीच्या स्नायूखाली एक्स्पांडर बसवला. एक्स्पांडर म्हणजे सिलिकॉनची रिकामी पिशवी. दर दोन-तीन आठवड्यांनी सुईने तिच्यात थोडं सलाईन भरायचं, म्हणजे वरची कातडी हळूहळू ताणत जाते. पुरेशी जागा झाली की दुसरं, छोटं ऑपरेशन. त्यात पिशवी काढून कायमचं इम्प्लांट बसवायचं. मध्येच फार खंड पडला तर पिशवीभोवती शरीर जो पापुद्रा धरतं, तो आवळतो. आपांची पिशवी अर्धी भरली आणि सगळं बंद झालं. दुसरं ऑपरेशन लांबलं, पण निदान सलाईन तरी भरू, म्हणून मी त्यांना बोलावलं होतं.

आता त्या शब्दाविषयी. अशा ऑपरेशनला इंग्रजीत इलेक्टिव्ह म्हणतात. सर्जनच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तारीख आधी ठरवता येते. हर्निया इलेक्टिव्ह असतो, मोतीबिंदू असतो, कॅन्सरच्या कित्येक गाठीसुद्धा असतात. पत्र मराठीत काढायचं ठरलं तेव्हा सुपरिंटेंडेंट सर म्हणाले, "तुझं मराठी चांगलं आहे, तू कर." मी शाळेतला शब्द उचलला. ऐच्छिक विषय असतो ना, घेतला तर घेतला, तसा. लहानपणी चळवळीची पत्रकं घरोघर वाटत फिरलेली मी. एक शब्द काय करू शकतो, हे मला तरी कळायला हवं होतं.

संध्याकाळी आपांचा पुन्हा फोन आला.

"काय गं डॉक्टर, ऐच्छिक म्हंजे कुनाची इच्छा?"

मी अर्थ सांगायला लागले. त्यांनी मधेच तोडलं. आपा कर्जतच्या जुन्या शिलाईवाल्या. अर्ध्या गावाचे ब्लाऊज त्यांच्या हातचे.

"मी कच्च्या शिलाईवर हाय. टाके घातलेत, अस्तर नाय, हुक नाय. असा कपडा मी गिऱ्हाइकाला देत नाय. आन् तुमी म्हणताय, पुरा करायची हौस हाय हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तावातावाने सरांच्या केबिनमध्ये गेले. बाईचा स्तन काढणं हा उपचार आणि परत देणं ही चैन, हे कुणी ठरवलं? असं बरंच बोलले. सरांनी मला बोलू दिलं.

"आपल्याकडे भूलतज्ज्ञ किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"आत्ता कुठे आहेत?"

"आयसीयूत."

"भुलीचं मशीन?"

"तेही आयसीयूत."

"मग मी आज ऑपरेशन करू कशाने? आणि पेशंटला ते आजच हवंय, असं त्या म्हणाल्या?"

मी विचारलंच नव्हतं. तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आज?" आपा म्हणाल्या. "माज्या चुलतदिराला तुमच्याच वॉर्डात ऑक्सिजन लावलाय. त्याचा काढून मला लावनार हायस का? थांबते मी. पन थांबते म्हंजे मला नको, असं कागदावर नाय चालायचं. काल हवालदारानं वाचलं. उद्या तुमचं थेटर उघडल्यावर दुसरा कोन वाचंल आन् म्हनंल, हिचं हौसेचं, ठेवा तळाला. ईदेच्या गर्दीत जी बाई म्हनते सावकाश द्या, तिचा कपडा दिवाळीपर्यंत खुंटीला असतो. मी शिवते, मला म्हाईत हाय."

सर हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसले. "आपा, तारीख नाही देता येणार."

"मग नंबर द्या."

त्या दिवशी नवी पत्रं टाईप झाली. फक्त आपांना नाही, ऑपरेशन पुढे ढकललेल्या सगळ्यांना गेली. 'शस्त्रक्रिया आवश्यक आहे. सध्या तारीख देता येत नाही. थिएटर सुरू झाल्यावर आपला क्रमांक अमुक.' आपांचा पहिला. पुढच्या खेपेला त्याच हवालदारांनी पत्र वाचून रिक्षा सोडली.

दर वेळी सलाईन भरून झालं, की आपा हातातल्या थैलीतून स्वतःची टेप काढून मापायच्या. "अजून पाऊन इंच," असं मला सांगायच्या. माझ्या केसपेपरवर मिलिलिटर असायचे. दोन्ही हिशेब जुळायचे.

थिएटर उघडायला पुढे कित्येक महिने गेले. पहिल्या आठवड्यात पहिली केस आपांची झाली. वेळेवर झालं असतं तर निकाल अधिक चांगला आला असता, हेही इथे लिहायला हवं. तो सुरुवातीचा खंड भोवला. पापुद्रा आवळला होता, तो कापून सैल करावा लागला, तरी उजवी बाजू किंचित वर राहिली. पट्टी काढल्यावर मी काही बोलण्याआधी आपांनी टेप लावली.

"दोन सूत वर हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. तेवढं मी ब्लाऊजात घेईन."

आमच्या फॉर्मवर 'ऐच्छिक' हा छापील रकाना अजून आहे. मी तो शब्द खोडते आणि वर लिहिते, 'तारीख ठरवता येते'. जागा अपुरी पडते, अक्षरं शेजारच्या रकान्यात जातात आणि क्लार्क कुरकुरतो. त्याला मी सांगते, मग ऐच्छिकच ठेव, फक्त पुढे कुणाची तेही छाप.