डाव्या खिडकीतला समुद्र

वर्धा जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभलेला नाही, या सर्वमान्य वस्तुस्थितीस आमच्या साडूंइतका जाहीर आणि चिवट विरोध आजवर कोणी केला नसेल. पुलगावच्या एका कापसाच्या जिनात ते मुकादम होते. लग्नात नाव घेण्याच्या भरात त्यांनी माझ्या मेव्हणीस समुद्राच्या कडेने धावणाऱ्या गाडीत बसवण्याचे वचन चारचौघांसमक्ष देऊन टाकले. पुढे हंगामात जिन त्यांना सोडीना आणि हंगाम सरल्यावर दमा. सबब त्यांनी समुद्रच पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीशेजारी आणून ठेवला.

दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटली की ते मेव्हणीला घेऊन त्या गाडीत डाव्या खिडकीशी बसत. नजर पोचेल तिथवरचे पांढरे वावर म्हणजे फेस, बैलबंडी म्हणजे जहाज आणि बुजगावणे म्हणजे दीपस्तंभ, असे ते अनोळखी प्रवाशांस इतक्या अधिकाराने समजावीत की लोक मान डोलवीत. वळण आले की उभे राहून फर्मावीत, "पाय वर घ्या बाप्पा, भरती आली." गाडी इतकी सावकाश चाले की लोकांना दुसरा उद्योग नसे, सारा डबा सीताफळांच्या टोपल्यांसह बाकांवर मांडी घाली. एकदा तर तिकीट तपासनीससुद्धा वर चढून बसल्याचे मी पाहिले आहे. पाय खाली राहत ते एकट्या मेव्हणीचे. "मले डोये हायेत," ती म्हणे. "हे कपाशी हाय. तुमी कबूल केलता तो पान्याचा होता." यावर साडू एवढे मोठे गृहस्थ, पण पुढचे स्टेशन येईतो दीपस्तंभाचे नाव काढीत नसत.

एका श्रद्धाळू म्हातारीने खिडकीतून याच सागरास नारळ अर्पण केला. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जेवत बसलेल्या शेतकऱ्याच्या वरणात पडला. पुराव्याचा नारळ घेऊन तो इसम तहसिलीच्या आवारात अर्जनविशी करणाऱ्या माझ्यापुढे अर्ज लिहवून घेण्यास हजर झाला. अर्ज कोणाविरुद्ध करावा, यावर आमचा बराच खल झाला. अखेर साडूंनी त्याला गाडीत बसवून त्याचेच वावर खिडकीतून दाखवले. "आपलं वावर असं दिसते, हे मले मालूमच नोतं," म्हणत त्याने नारळ फोडून डब्यात वाटला.

पुढे साडूंची जिनातली नोकरी संपल्यावर आम्ही दोन्ही जोडपी रामेश्वरास गेलो. गाडी खऱ्या समुद्राच्या कडेने धावू लागली, तेव्हा मेव्हणी खिडकीशी होती आणि साडू तिच्या चेहऱ्याकडे पाहत, घाम पुसत, परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे बसले होते. एकदाही उभे राहिले नाहीत. खिडकीतून मान वळवून ती म्हणाली, "चांगला हाय. पन याच्यातलं काही वेचता येत नाई."

परतल्यावर पुलगावहून त्याच छोट्या गाडीत बसलो. कपाशी फुटलेली होती. वळण आले तरी साडूंनी भरती पुकारली नाही. एवढा समुद्र दाखवून झाल्यावर आपला काय सांगावा, असा त्यांचा चेहरा. मी काही बोलणार, तोच मेव्हणीने चपला काढल्या, लुगडे सावरले आणि दोन्ही पाय हळूच बाकावर घेतले.

"बसा ना वर," ती बाहेर पाहतच नवऱ्याला म्हणाली. "नाईतर भिजान."