राखून ठेवलेला शेवट

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी कानात यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. सत्तरचे दशक संपत आले होते. मी सोलापुरात नवा फौजदार होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे ठाण्यातली ती लाकडी खुर्चीही मला देवाने दिल्यासारखी वाटे.

विणकरांच्या वस्तीतून एक बाई फिर्याद द्यायला आली. तिच्या मुलाने आखातातून टीव्ही आणि व्हिडिओचे यंत्र पाठवले होते, सोबत एकच कॅसेट. चिनी मारामारीचा विनोदी सिनेमा. ती दवाखान्यात नवऱ्याकडे गेली असताना भर दुपारी सगळे चोरीला गेले. मी वस्तूंचे वर्णन विचारत होतो, ती सिनेमाबद्दलच बोलत होती.

त्यात एक आळशी आचारी असतो आणि त्याला कुंगफू शिकवणारा म्हातारा गुरू. एका संध्याकाळी सारी गल्ली बघत बसलेली असताना, गुरू आजारी होऊन खाटेवर पडतो नेमक्या त्या जागी, तिच्या नवऱ्याला खोकल्यातून रक्त आले. त्याला क्षयाच्या दवाखान्यात ठेवले. पुढेही ती गल्लीला सिनेमा दाखवी, पण तिथवरच. बाहेर गेलेल्या माणसाचे ताट झाकून ठेवावे तसा उरलेला भाग तिने राखला होता. आता डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितले होते. बरा झाला म्हणून की उपाय संपले म्हणून, हे विचारायचे धाडस तिला झाले नव्हते.

“ते घरी आल्यावर शेवट विचारतील,” ती म्हणाली. “मी काय सांगू साहेब?”

आमच्या खबऱ्याने एवढेच कळवले, की त्या दुपारी चादरींच्या गठ्ठ्यांची एक हातगाडी गल्लीतून गेली. सोलापुरात अशा गाडीकडे कोण बघतो? गल्लीतले गठ्ठे वाहणारे हमाल मी ठाण्यात बोलावले. हवालदार दरडावून थकले, कोणी कबूल होईना. शेवटी मी एकेकाला सहज म्हटले, तो सिनेमा तरी सांगा.

मग ठाणे ठाण्यासारखे राहिले नाही. थोराड माणसे त्या आचाऱ्याची नक्कल करत अर्धे डोळे मिटून हात हवेत तरंगवू लागली, एका पायावर डोलू लागली. ठाणे अंमलदारांची लेखणी थांबली. मलाही पाण्याखालून बघितल्यासारखे वाटत होते. प्रत्येक जण गुरूच्या खाटेपाशी येऊन थांबे.

बाईच्या शेजारीच राहणारा, माळशिरसकडचा एक जण थांबला नाही. “मंग म्हातारा उठतो की साहेब. पडल्या पडल्याच लाथ...” आणि त्याचा पाय तसाच वर राहिला.

पुढे विचारावे लागले नाही. “लई दिस झोप न्हाई,” तो खाली बसत म्हणाला. “म्हातारा जगला का मेला, कोन सांगंल?” चादरींच्या गोदामात एकट्याने शेवट बघून त्याला सगळे परत ठेवायचे होते, पण शेजाऱ्याच्या दारात पुन्हा जायची छाती झाली नाही. तिथल्याच गठ्ठ्यांखालून पंचांसमक्ष मुद्देमाल निघाला. कोर्टाच्या हुकमाने तो बाईच्या ताब्यात दिला.

नवरा टांग्यातून घरी आला. काड्यांसारखे हात, पण डोळे जागे. जामिनावर सुटलेल्या त्या शेजाऱ्याला बोलवा म्हणाला. “एकट्यानं बघितलं ते काय बघणं?”

त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. मागांच्या खडखडाटात लोक निळसर उजेडात हसत होते. गुरू खाटेवर पडला आणि सगळे गप्प झाले. आजाऱ्याने शेजारी बसलेल्या त्या माणसाला हळूच विचारले, “उठतो का रे?”

तो मान खाली घालून म्हणाला, “बघा की, मामा.”

मी पुढे कितीतरी लोकांकडून ठाऊक असलेले वदवून घेतले, ते माझे कामच होते. पण गप्प राहणाऱ्याला लबाड समजण्याची घाई मी त्यानंतर केली नाही. काही माणसे समोरच्याचे सुख मोडू नये म्हणूनही गप्प असतात. त्या खोलीत शेवट डोळ्यांनी पाहिलेला तो एकटाच होता, आणि पहिले हसू आजाऱ्याच्या तोंडून फुटेपर्यंत त्याने श्वासही मोठा घेतला नाही.