बिनतोंडाची रंजकदाणी

पार्लरमध्ये नातीचे केस तापल्या चिमट्यात करपले आणि त्या वासासरशी मला जतजवळचं आमचं अंगण आठवलं. साठच्या दशकातली गोष्ट, मी नवी सून होते. माझे सासरे म्हशीच्या शिंगांच्या फण्या करायचे, क्वचित रंजकदाणीही. चकमकीच्या जुन्या बंदुकीचा बार पेटवायला जी बारीक दारू लागते, ती रंजक. ती ठेवायची ही शिंगाची डबी. शिंग शेकताना असाच वास सुटायचा. शेकून, घासून डबी चकचकीत व्हायची, पण बंदूक बघितल्याशिवाय सासरे तिला तोंड, म्हणजे रंजक ओतायचं त्या बंदुकीच्या मापाचं भोक, पाडत नसत.

एकदा एक अनोळखी माणूस आला. त्याच्या उजव्या गालावर काळे ठिपके होते. "जत्रंत बार काढायचा हाय," म्हणाला.

"बंदूक कुठं हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"आवं मामा, लय लांब हाय. द्या की तोंड पाडून."

"मग मीच येतो गड्या तुझ्यासंगं. गाव सांग."

त्याने गाव सांगितलं नाही. मी दिलेलं पाणीही न पिता निघून गेला. "त्यो गाल बघितलास? दरोडेखोर हाय," सासरे म्हणाले, आणि मला ते पटलं.

पुढे एका जत्रेत देवासमोर बार काढणारा म्हातारा बघितला. रंजक भडकली की ठिणग्या तोंडावर उडतात. त्याच्याही उजव्या गालावर तसेच ठिपके होते.

लेक म्हणतो, बिचाऱ्याला उगीच घालवलंत. असेल. पण गाव का नाही सांगितलं त्याने?

परवा जुन्या वस्तू जमवणारा एकजण तेव्हापासून घरात तशीच पडून असलेली ती बिनतोंडाची रंजकदाणी मागायला आला. म्हणाला, तोंड मी पाडून घेईन.

मी विचारलं, "बंदूक कुठं हाय?"